हत्ती धडकलेली भिंत

कोपऱ्यातल्या पोपटी रंगावर शेवटचा ब्रश ओढून हंबीरराव शिडीवरून उतरले, चार पावलं मागं सरकले आणि मुलगी बघायला आल्यासारखे मान तिरकी करून भिंतीकडं बघत राहिले.

"झाली का न्हाय नवरी?"

"तात्या, नवरीपरास तुमच्या मिश्याच जास्त रंगल्यात," शिडी धरलेला बाळासो म्हणाला.

हंबीरराव हसले, तेव्हा मिशीचं पोपटी टोकही हललं. जिल्हा परिषदेचा इंजिनिअर शाळा बघायला येणार, त्याच्या एका अहवालावर दोन नव्या खोल्यांचा निधी मंजूर होणार, एवढं कानावर पडल्यावर नेसरीपलीकडचं हे गाव गप्प बसणार होतं होय? पावणा येणार म्हटल्यावर घर सारवायचं, हे का कुणी शिकवावं लागतं? तीन दिवस गाव शाळेत राबलं. कुणी पुट्टीची पोती दिली, कुणी रंगाचे डबे. भेगांना मात्र हंबीररावांनी दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही. आता दारात रांगोळी होती, रांगोळीशेजारी हलगीवाला होता, आणि त्यांच्या मंडळी तानाबाई ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. घरी पुरण शिजून तयार होतं.

फाटकापाशी स्कूटी थांबली. मुख्याध्यापिका वर्षाराणी बाई कोल्हापुरातलं तीन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून थेट शाळेत आल्या होत्या. त्यांनी हेल्मेट काढलं आणि ते हातातच राहिलं.

"तात्या, भेगा कुठायत?"

"बुजीवल्या की! भिंग लावून हुडका, सापडायच्या न्हाईत."

बाई पायरीवर मटकन बसल्या.

"अहो तात्या, साहेब भेगाच बघायला येणार होते! इमारत धोकादायक ठरली, पाडायची परवानगी मिळाली, तरच नव्या खोल्या. दोन वर्षं फोटो पाठवतेय मी. पावसाळ्यापासून पोरं देवळाच्या मंडपात बसतात ती कशासाठी? आणि मार्चच्या आत हे झालं नाही, तर निधी दुसऱ्या गावाला जाणार."

हलगी थांबली. हंबीररावांच्या हातातल्या ब्रशातून रंगाचा एक थेंब रांगोळीत पडला. ते काही बोलणार, तेवढ्यात फाटकातून जीप आत आली आणि हलगीवाल्यानं सवयीनं पुन्हा कडकडाट सुरू केला.

इंजिनिअर तरुण होता. महांतेश नाव, सीमेकडचा. त्यानं मुकाट्यानं ओवाळून घेतलं, शाळेला एक फेरी मारली, भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं.

"मॅडम, फोटोतली शाळा हीच का?"

"हीच, सर. गावानं… पाहुणचार केला."

"बुजवलंय ते दिसतंय मला. पण आत काय होतं? नुसता गिलावा फुटलेला, का भिंतच फाटलेली? रंगाकडं बघून धोकादायक कसं लिहू? भिंत तर पक्की वाटतेय."

गावाच्या भिंतीला पक्की म्हटल्यावर बाळासोची छाती फुगली. गावाची ती जुनी गोष्ट त्याच्या जिभेला पाठ होती.

"पक्की म्हंजे? सायेब, हत्ती धडकलेली भिंत हाय ही! सांगा की, तात्या!"

ही गोष्ट हंबीररावांची. बेळगावला निघालेल्या सर्कशीतला हत्ती उधळतो, थेट शाळेवर येतो, धडकतो आणि चक्कर येऊन खाली बसतो. भिंत जागची हलत नाही. ही भिंत हंबीररावांच्या वडिलांनी गाव गोळा करून, खांद्यावरून दगड वाहून बांधलेली. पन्नास वर्षांत हत्ती दर जत्रेला हातभर वाढला होता. गेल्या गणपतीत त्याचा एक सुळाही मोडला होता.

महांतेशनं हसून पेन काढलं.

"मग काय, हिला शंभर वर्षं मरण नाही. दुरुस्तीत बसवतो, पाडायला नको."

बाईंनी डोळे मिटले. देवळाच्या मंडपातून पोरांचे पाढे ऐकू येत होते. एकोणतीसच्या पाढ्याला सगळी अडखळली, तिथंच कुठं हंबीरराव हलले. त्यांनी घमेल्यातली थापी उचलली, पूर्वेच्या भिंतीपाशी गेले, रंगावर तळवा फिरवला आणि न बघता नेमक्या जागी घाव घातला.

ताजं सिमेंट परातीएवढं निखळून खाली आलं. आतून त्यांनी पोत्याचा एक तुकडा ओढला, मग दुसरा, मग तिसरा. गारुड्यासारखे ओढतच राहिले. शेवटी त्यांनी हात आत घातला. तो कोपरापर्यंत गेला.

"घाला हात, सायेब."

महांतेशनं टेप आत सरकवला. तो अडला नाही. भेगेला डोळा लावला, तर पलीकडचा ऊस दिसला.

"ही कधीची?"

"भिंत बांधली त्याच्या चौथ्या दिवसाची. आठ वर्साचा हुतो मी. गाव उठायच्या आत बाबांनी बुजीवली. मालाची पाटी मी धरलीती. दर उन्हाळ्यात उघडायची. आधी बाबा बुजवायचं, मागनं मी."

"म्हणजे हत्तीच्या धडकेनं…"

हंबीररावांनी गावाकडं बघितलं. बाळासो तोंड उघडं टाकून उभा होता. हलगीवाल्यानं हलगी काखेत मारली होती. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं मिशी पुसली. रंग काही निघाला नाही.

"हत्ती न्हवता, सायेब. म्हस हुती."

तानाबाईंनी ओवाळणीचं ताट खाली ठेवलं.

महांतेश मान खाली घालून लिहू लागला होता.

"कुणाची?"

"आमचीच."

"केवढी होती?"

हंबीररावांनी थापी पायरीवर ठेवली. मंडपातल्या पोरांनी एकोणतीसचा पाढा पार केला होता.

"रेडकू हुतं," ते म्हणाले.