ओल्या चौकटीचा रंग

रंगाऱ्याने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकांना एकच गोष्ट ऐकवली होती: लाकूड ओलं असेल तर ब्रश हातात घेऊ नये. "रंगाचे पोपडे बाहेरच्या पावसानं नाही सुटत, आत कोंडलेल्या पाण्यानं सुटतात," असं तो म्हणे, आणि घाईतली गिऱ्हाइकंही मग थांबत.

त्याच्या स्वतःच्या घराची खिडकी मात्र वर्षानुवर्षं पोपडे मिरवत होती. वेळ मिळत नाही, असं तो सांगे. वेळ मिळाला तो बायकोने अंथरूण धरल्यावर. तिचा पलंग त्या खिडकीशीच होता. "एकदा हिरवी करा हो," हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आली होती.

डॉक्टर जाताना दारात लेकीला म्हणाले, "आठवडा. फार तर दहा दिवस."

रंगाऱ्याने आतून ऐकलं. खरवडायला दोन दिवस, लाकडातली पावसाळी ओल सुकायला आठ, मग अस्तर, भेगा बुजवायला लांबी, वर रंगाचे दोन हात. दिवसांचा हिशेब काही केल्या बसेना.

दुसऱ्या दिवशी बायको गुंगीत असताना त्याने सुटे पोपडे फडक्याने झटकले आणि ओल्या लाकडावर सरळ हिरवा रंग फासला. दुपारी चौकट अशी चकाकली, की शेजारीण खास बघून गेली.

बायकोने डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिली.

"अस्तर मारलंत?"

"मारलं की."

"आणि खरवडलंत कधी? आवाज नाही आला तो?"

रंगारी ब्रश पुसू लागला. रोज जेवताना तेच पुराण लावल्याचा हा परिणाम. घरात दुसरा रंगारी तयार झाला होता, आणि तो पहिल्यापेक्षा कडक होता.

"लोकांच्या खिडक्यांना महिना महिना दिलात. आणि माझ्या खिडकीला थुकपट्टी?"

"वेळ नाही गं..." त्याच्या तोंडून निसटलं. लेकीने मान फिरवली.

"माहीत आहे. डॉक्टरांचा आवाज काय कमी आहे?" बायको म्हणाली. "खरवडा तो रंग. तुमचं काम मी आजवर नुसतं ऐकलंय. बघायचं राहिलंय."

त्याने बाहेर स्टूल मांडलं. दोन दिवस तो पट्टीने खरवडत होता आणि ती उशीला टेकून बघत होती. "तो कोपरा राहिला," म्हणे. कोपरा खरंच राहिलेला असे. पुढे रोज सकाळी तो उघड्या लाकडावर तळवा ठेवी आणि खिडकीतून मान हलवी: अजून नाही. तीही मान हलवी.

सातव्या दिवशी ती गेली.

भेटायला येणारे कोऱ्या चौकटीकडे बघून हळहळत. "बिचारीच्या नशिबी हिरवी खिडकी नव्हती."

दोन दिवसांनी लेक रंगाचा डबा घेऊन आली. "बाबा, आता तरी लावा."

"अजून ओल आहे," रंगारी म्हणाला, आणि उशीवरून तिला दिसायची ती आतली कड, जिथे पावसाचा थेंबही पोचत नव्हता, पॉलिश पेपरने घासत बसला.