‘ळ’ तेवढा राहिला

“बुधवारपर्यंत होईल ना, काका?” कारखान्याच्या मॅडमनी दारातूनच विचारलं. होईल, असं ठिपकेकाका म्हणाले खरे, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं.

ठिपकेकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बसस्थानकांवरच्या दिव्यांच्या पाट्या बनवणाऱ्या या कारखान्यात अक्षरांचे ठिपके करण्यात त्यांचा जन्म गेला होता. जुन्या पाटीला फॉन्टबिंट कळत नाही. तिला लागतं प्रत्येक अक्षराचं जुन्या पद्धतीचं चित्र, नुसत्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं. काळ्या चौकोनाच्या जागी दिवा लागतो, पांढऱ्याच्या जागी अंधार. संगणक फॉन्टची अशी चित्रं क्षणात काढतो, पण ती बघवत नाहीत. ‘ध’चं पोट बुजतं, ‘श’ची गाठ सुटते. मग काका एकेक चौकोन भरत आणि पुसत बसतात. याला अक्कल लागत नाही, नुसती चिकाटी लागते, असं त्यांची थोरली बहीण म्हणे. घरात दोघंच, त्यामुळे ताईचं म्हणणं खोडून काढायला तिसरं कुणी नव्हतं.

आताचं काम स्थानकाच्या मोठ्या पाटीचं होतं. तिथले मालक बदलले होते आणि त्यांना आपल्या जाहिरातींतलाच फॉन्ट पाटीवर हवा होता. पाटीच्या पोटात जागा बेताची. नवं अक्षर चढलं की त्या जागचं जुनं पुसलं जाणार. आणि जुनी अक्षरं तिची होती.

ती म्हणजे अक्षरवाली, पूर्वी याच कारखान्यातली. ती कागदावर अक्षरं काढी, त्यांचा फॉन्ट बने, आणि समोरच्या खुर्चीत बसून काका त्याचे ठिपके करत. ‘ळ’वरून दोघांची चांगलीच जुंपली होती. तिचा ‘ळ’ डाव्या अंगानं जरा जास्तच फुगलेला, चौकटीत मावेना. काका म्हणाले, एक ठिपका छाटू. ती म्हणाली, मग ‘ळ’ तरी कशाला, दोन शून्यं लावा. दिवसभर अबोला. शेवटी काकांनी उजवं पोट आत घेतलं आणि डाव्याला जागा करून दिली. तेव्हा कुठे तिनं आपला डबा त्यांच्यापुढे सरकवला.

पुढे तिचं लग्न ठरलं. निरोप द्यायला सगळे स्थानकावर आले. बाकीचे चहाला वळले, हे दोघं पाटीखाली राहिले. पाटीवर ‘मोठे तळे’ लागलं, तिची बस. वर बघत ती म्हणाली, “आपला ‘ळ’ छान दिसतो, नाही?” काकांच्या ओठांवर आलेलं ओठांवरच राहिलं आणि बस गेली. तेव्हापासून घरी जाताना ते रोज पाटीखाली थांबतात. ताई म्हणते, सगळ्या गावाच्या बस वाचून झाल्याशिवाय आमच्या भावाला स्वतःची सापडत नाही.

ठिपके होत आले आणि ‘ळ’च्या जागी रिकामी चौकट निघाली. फॉन्ट बनवणाऱ्याच्या भाषेत ‘ळ’ नसावा, त्यानं तो काढलाच नव्हता. अशा वेळी काकांनी बाकीच्या अक्षरांवरून तो बेतून द्यायचा, हा कारखान्याचा रिवाज. काकांनी दोन गोल काढलेही, आणि मग पुसले. रिकामं चित्र पाठवलं तर पाटीवर अंधार पडणार. पण चित्रच पाठवलं नाही, तर जुनं आहे तिथेच राहणार. उभ्या आयुष्यात त्यांनी काम अर्धवट सोडलं नव्हतं. ते त्यांनी त्या दिवशी सोडलं.

बुधवारी पाटी उजळली. मॅडम खालून एकेक नाव वाचत होत्या. बाजार, दवाखाना, नवी वसाहत, सगळं कोरं करकरीत. ‘मोठे तळे’ला त्या थांबल्या.

“काका, हा ‘ळ’ कुणाचा राहिला?”

इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

“आमचा,” ते म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. राहू दे, म्हणाल्या आणि निघून गेल्या. काकांची बस आली, थांबली आणि गेली. ‘मोठे तळे’ पुन्हा पाटीवर येईपर्यंत ते उभेच होते.