दीडवर मिटलं

इंदापूरच्या क्लासच्या चाचणीत एक गणित आलं. एक लिटरच्या बंद भांड्यात तीन मोल फॉस्फरस पेंटाक्लोराइड तापवला. त्यातला काही फुटून दोन निराळे वायू होतात, तेच परत जुळून पहिला होतो. फुटायचा आणि जुळायचा वेग सारखा झाला की समतोल. नव्या दोघांचा गुणाकार भागिले उरलेला पहिला, हा स्थिरांक चार; तर मूळचा वायू उरला किती?

सृष्टीनं लिहिलं एक. शंभूराजनं लिहिलं दोन. उत्तरसूचीतही दोन. त्या एका गुणानं क्लासच्या बारामतीतल्या खास तुकडीची शेवटची जागा शंभूराजला गेली. तिथलं वसतिगृह हुकलं आणि सृष्टीच्या नशिबी घरून रोजची नरसिंहपूरची एसटी राहिली.

"सर, दोन मोल फुटले. उरला एक," रसायनशास्त्राचे नागेश सर क्लासचे मालक दिग्विजयरावांना म्हणाले. "सूची करणारा निम्म्या वाटेत थांबला."

"सूची पुण्याहून आणलीय."

"पुण्यातही तीनातून दोन गेले की एकच उरतो."

दिग्विजयरावांच्या मागं फलक होता : 'समान गुण असल्यास मुलीस प्राधान्य.' खाली त्यांचाच हसरा फोटो. त्यांनी शंभूराजच्या आजोबांना बोलावलं. माळेगावचे सोपानतात्या. बांध असो, पाट असो, मोडलेली सोयरीक असो, तात्या मधे बसले की मिटायचं.

तात्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. "मास्तर, पोरगी म्हणती एक, सूची म्हणती दोन. कुणालाच दुखवायला नको. दीड करा."

नागेश सरांनी खडू उचलला. "तात्या, एक उरला तर नवे दोन्ही वायू दोन-दोन. दोन दुणे चार, भागिले एक, चार. जुळलं. दीड उरला तर नवे दोन्ही दीड-दीड. गुणून भागलं की येतो दीड. चार येत नाही."

"आला की दीड. म्या तेच म्हणतोय."

सरांनी फळ्यावरच्या चारावर खडू टेकवला. "आणि चाराचं काय?"

"चार कुणाचं हाय?"

"निसर्गाचं."

"त्यो आलाय का हितं? बैठकीला हजर न्हाय, त्याचं ऐकायचं न्हाय."

दारातून सृष्टी म्हणाली, "तात्या, तुमचा ऊस काट्यावर गेला की वजन असंच मिटवता व्हय?"

"तितं ऊस असतो, पोरी. हितं नुसता वायू."

पेढे आले. फळ्यावरच्या दीडाजवळ हात जोडून तात्यांनी फोटो काढून घेतला. दिग्विजयरावांनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला : 'सर्वसंमतीने अंतिम उत्तर दीड.'

दुसऱ्या दिवशी नवा निकाल लागला. दीड कुणीच लिहिलं नव्हतं. शंभूराजचा एक गुण गेला. सृष्टीला तो मिळालाच नव्हता, त्यामुळं तिचा जायचा प्रश्न नव्हता. दोघं बरोबरीत आले, आणि फलक भिंतीवर होताच.

तात्या तरातरा आले. "परत दोन करा."

"तुमचा शब्द फिरवू कसा, तात्या?" दिग्विजयराव म्हणाले. "फोटो पार वडगाव निंबाळकरपर्यंत गेलाय."

तात्या सरांकडं वळले. "मास्तर, ती क्रिया उलटी बी जाती म्हणालावता न्हवं?"

"भांड्यातली जाते, तात्या."

तात्या गेल्यावर सृष्टी आली. "सर, उत्तर एकच आहे ना? मग सूचीत एक करायला सांगा की. फळ्यावर अजून दीडच आहे."

सरांनी डस्टर उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"आधी वसतिगृहात जाऊन गादी टाक," ते म्हणाले. "मग पुसू."