खुर्चीच्या पोटातलं

दुकान खुर्च्यांनी भरलेलं होतं आणि काकूंना बसवत नव्हतं. एखाद्या सोफ्याच्या कडेला टेकायच्या, फोन उघडायच्या, लगेच उठायच्या. कात्री जागेवर ठेवायला म्हणून आत जायच्या आणि कात्री हातात घेऊनच परत यायच्या. कारागीर, म्हणजे त्यांचे यजमान, दातांत खिळे धरून एका बैठकीचे पट्टे ताणत होते. त्यांना बोलता येत नव्हतं, तेवढंच एक बरं होतं.

फोनमध्ये लोक ताटकळत बसले होते, आणि त्यांना ताटकळत काकूंनीच बसवलं होतं.

जुन्या सोफ्या-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या या दुकानाचा ब्लॉग काढायची कल्पना काकूंच्या भाचीची. ती कुठल्याशा कंपनीत लिहायचंच काम करायची. तिच्या शब्दावर काकूंनी पहिला लेख लिहिला, चांगला फोम कसा ओळखावा यावर. अगदी जीव ओतून. तो दोघांनी वाचला. एक भाची, दुसरं कोण, ते कळलं नाही.

मग भाचीने शिकवणी घेतली. "मावशी, पहिल्याच ओळीत वाचकाचं मनगट धरायचं. मध्ये सोडायचं नाही. आणि शेवटी एक धागा लोंबता ठेवायचा, म्हणजे माणूस परत येतो."

"लोंबता धागा म्हणजे कच्चं काम," आतून कारागीर म्हणाले.

"काका, हे शिवणकाम नाही."

"ते दिसतंच आहे."

त्यानंतर ती हिरवी खुर्ची आली. उंच पाठीची, डाव्या हातावर इस्त्रीने भाजल्याचा होडीसारखा डाग असलेली. एका बाईंनी पाठवली होती. सासऱ्यांची आहे, लवकर द्या, त्यांना दुसरीकडे करमत नाही, असा निरोप होता.

खुर्च्यांच्या पोटात काय काय निघतं हे कारागिरांना विचारावं. कंगवे, पेनांची टोपणं, बटणं, वाळलेली सालं. पण विचारून ते सांगणार नाहीत. दुकानाची पद्धत अशी की निघालेली वस्तू एका डब्यात जायची, आणि खुर्ची पोचवताना तो डबा झाकण लावून मालकाच्या हातावर ठेवायचा. शब्द काढायचा नाही. "डॉक्टर पोट उघडतो तेव्हा शेजाऱ्यांना बोलावतो का," असं ते म्हणायचे.

हिरव्या खुर्चीच्या हाताजवळच्या फटीतून ऐकायची मशीन निघाली. तीन. बहिऱ्या माणसाने कानात घालायची असतात, तसली.

"पडली असतील," कारागीर म्हणाले.

"एक रुमालात गुंडाळून पडलं का?"

कारागिरांनी दातांत खिळे धरले आणि संभाषण संपवलं.

काकूंनी मात्र त्याच दुपारी लिहिलं. पहिल्या ओळीत मनगट धरलं, डागासकट खुर्चीचा फोटो टाकला, आणि शेवटी लिहिलं, 'आजोबांची मशीन पडली, की त्यांनी लपवली? लपवली असतील, तर त्यांना कोणाचं ऐकायचं नव्हतं? पुढच्या वेळी सांगते.'

लोक तुटून पडले. 'सून जहांबाज दिसते.' 'आजोबांना माझा दंडवत.' 'आमच्या ह्यांना मशीन न लावताही काही ऐकू येत नाही, त्यावर उपाय सांगा.' आणि सगळ्यांच्या शेवटी तेच, मग? पुढे? काकूंच्या पायाखालची जमीन दोन बोटं उचलल्यासारखी झाली. लग्न झाल्यापासून त्या खिळे धरलेल्या तोंडाशी बोलत आल्या होत्या. त्यांना 'मग?' असं कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.

त्यांनी कारागिरांना त्यातली चारदोन मतं वाचून दाखवली. त्यांनी खिळे तळहातावर काढले. "मालकांना विचारलंस?"

"नाव कुठे घातलंय मी कोणाचं?"

"खुर्ची घातलीस. माणूस एकवेळ स्वतःचं तोंड विसरेल. रोज पुसतो ती खुर्ची कशी विसरेल?"

फोन आला तो त्याच संध्याकाळी.

"काकू, मी हिरव्या खुर्चीवाली."

"होतच आली हो खुर्ची, फक्त मागचं कापड..."

"खुर्ची राहू द्या. मी तुमचं वाचते. फोमवरचं वाचलं म्हणून तर ती तुमच्याकडे पाठवली." आवाज घोगरा, बसलेला. "तो डाग माझ्या इस्त्रीचा आहे."

काकूंना लेखातला फोटो आठवला.

"दर वेळी मशीन हरवलं की मी पलंग ओढून घर पालथं घातलं. केर काढणाऱ्या बाईंवर आळ घेतला, मग त्यांची माफी मागितली. दिवसभर घसा ताणून बोलते, म्हणून खालच्या मजल्यावरचे मला कजाग म्हणतात. आता तुमचे वाचकही म्हणायला लागले." मग ती म्हणाली, "एवढंच सांगा. पडली की लपवली?"

'पडली' हा शब्द काकूंच्या जिभेच्या टोकावर आला होता. पण तिने इतकं सरळ विचारलं होतं की तो बाहेर पडेना. सडलेल्या पट्ट्यांवर नवं कापड चढवायची या दुकानात रीत नव्हती.

"उद्या खुर्ची घेऊन येतोच आम्ही. समोर बोलू."

"म्हणजे लपवली," सून म्हणाली. "माझं ऐकायचं नाही म्हणून. ठीक आहे, मी बोलायचंच बंद करते. त्यांचीही सोय, माझीही." आणि फोन ठेवला.

काकूंनी लेख काढून टाकला. तर फोमच्या जुन्या लेखाखाली, जिथे आजवर चिटपाखरू फिरकलं नव्हतं, तिथे गर्दी जमली. लेख कुठे गेला? सुनेने धमकी दिली का? आजोबा बरे आहेत ना? भाचीला फोन केला, तर ती हरखली. "मावशी, खुद्द सून वाचतेय? अगं, सोनं आहे हे. आता घाई नको, चार भाग निघतील."

"कोणाच्या घरातलं बोलणं बंद पडतंय, आणि तू भाग मोजतेस?"

"आग तू लावलीस, मी फक्त धग सांगतेय," भाची म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यावरून खुर्ची चढवताना काकू उगाचच मध्ये मध्ये हात लावत होत्या. दोनदा कारागिरांच्या पायावर पाय पडला. दार सुनेने उघडलं; बसा म्हणाली नाही. आजोबा भिंतीला धरून उभेच होते, गाडीची वाट बघणाऱ्या प्रवाशासारखे. खुर्ची टेकवल्याबरोबर बसले, पाठ टेकली, डोळे मिटले. आणि त्यांचा उजवा हात आपसूक खुर्चीच्या हाताजवळच्या फटीत गेला.

फट नव्हती. कारागिरांनी ती घट्ट शिवून टाकली होती. आजोबांची बोटं शिवणीवरून एकदा पुढे गेली, एकदा मागे आली. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. आता कोणी काही सांगायची गरजच उरली नाही.

कारागिरांनी रीतीप्रमाणे डबा काढला, आजोबांच्या हातावर ठेवला, शब्द काढला नाही. सून वळली, स्वयंपाकघरात गेली, आणि तिने नळ पूर्ण सोडला.

काकू खुर्चीशी वाकल्या. "आजोबा, चुकलं माझं. मी ते लिहायला नको होतं."

"काय?"

"लिहिलं मी, फोनमध्ये."

"बरं, बरं," आजोबा समजुतीने म्हणाले. त्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नव्हतं.

काकूंना राहवलं नाही. कानाला लागून विचारलं, "पण का हो लपवलीत?"

आजोबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. नळ वाहत असावा, असं त्यांना सुनेच्या पाठीवरून कळलं असेल. मग गुपित सांगावं तसा त्यांनी आवाज खाली आणला. म्हणजे त्यांच्या मते आणला. तो जिन्यापर्यंत गेला.

"मशीन घातलं की ती तिथूनच बोलते, ओट्यापासून. नसलं की इथे येते. या हातावर बसते, कानाशी बोलते. भाजी काय आणली, जिन्यात कोण भेटलं, सगळं सांगते." त्यांनी डागावरून अंगठा फिरवला. "घसा बसतो तिचा, कळतं मला. पण मुलगा दिवसभर बाहेर. दुसरं कोण येतंय माझ्या इतक्या जवळ?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. नंतर तिकडून काही ऐकू आलं नाही, भांडंसुद्धा वाजलं नाही. बाहेरही कोणी आलं नाही.

"चल," कारागीर हळूच म्हणाले.

परतीच्या वाटेवर टेम्पोत काकूंची बोटं शिवशिवत होती. पहिली ओळ तयार, शेवटची तयार. इतका सुरेख शेवट त्यांच्या आयुष्यात पुन्हा दाराशी येणार नव्हता. लोक रडले असते, सुनेच्या पाया पडले असते. कारागीर खिडकीबाहेर बघत होते आणि आज त्यांच्या तोंडात खिळेही नव्हते, तरी काही बोलले नाहीत. त्यामुळे सगळं काकूंवरच येऊन पडलं.

त्यांनी लिहिलं, 'खुर्चीच्या हाताजवळची फट कशी बुजवावी.' पट्टे का सैल पडतात, टाका किती अंतरावर घ्यावा, सुई कुठून वळवावी, अगदी फोमच्या लेखाइतकं कंटाळवाणं. शेवटी लिहिलं, 'त्या खुर्चीतलं ज्याचं होतं त्याला दिलं. सुनेला नावं ठेवणाऱ्यांनी ती मागे घ्यावीत, पहिली मी घेते. का, ते सांगणार नाही. ती गोष्ट माझी नव्हेच.'

'एवढंच?' लोकांनी विचारलं. 'शुद्ध फसवणूक.' मग दाणे संपल्यावर चिमण्या उडाव्यात तसे एकेक करून गेले. भाची म्हणाली, "मावशी, तोंडाशी आलेला घास टाकलास." काकूंना त्याचं इतकं वाटलं नाही. त्या घरात कोणी बोलत असेल का, या एका विचाराने मात्र त्या पुन्हा कात्री घेऊन दुकानभर फिरायला लागल्या. फोन करायचा धीर होईना.

शेवटी फोन तिकडूनच आला.

"काकू, एक बुटकं स्टूल करून मिळेल का?" आवाज आधीपेक्षाही बसलेला होता.

"मिळेल की. किती उंचीचं?"

"खुर्चीला लागून बसले तर तोंड त्यांच्या कानाशी यावं, इतकं. मी हातावर बसून बसून तुमचं काम परत मोडून ठेवीन."

"आणि मशीन?"

"घालतात. मी बाहेर गेले की, टीव्हीसाठी." पलीकडे ती हसली की खोकली, ते कळलं नाही. "हे कुठे लिहू नका. आणि फटीचा लेख वाचला मी. दोरा कुठला वापरायचा ते लिहायचं राहिलंय."

काकूंनी फोन ठेवला आणि कारागिरांना म्हणाल्या, "स्टूल हवंय. बुटकं."

कारागिरांनी मापाची पट्टी घेतली, त्या हिरव्या खुर्चीसारखीच एक उंच खुर्ची पुढे ओढली, बाजूला एक खोकं ठेवलं. "बस जरा. माप घेतो," खिळ्यांमधूनच ते कसेबसे म्हणाले.

काकू खोक्यावर बसल्या. कारागीर खुर्चीत टेकले, कान पुढे केला, दातांतले खिळे काढून तळहातावर ठेवले.

"मग?" ते म्हणाले. "काय म्हणाली ती?"