कटर कोणी चालवला?

बाइंडरने कटरचा दांडा ओढला आणि कॉलेजच्या सरांच्या आठ वर्षांच्या मेहनतीच्या, म्हणजे हस्तलिखिताच्या दोन गठ्ठ्यांच्या, कडा एकदम झ्याक सरळ केल्या. मग त्याची नजर खाली गेली. पानांचे नंबर सरांनी तळाच्या कडेलाच लिहिले होते. ते आता कचऱ्यात. त्याला दरदरून घाम फुटला, म्हणून त्याने पंखा लावला. झालं! दोन्ही गठ्ठ्यांची पानं दुकानभर.

सर संध्याकाळी येणार होते. कॉलेजचं सगळं बाइंडिंग त्यांच्या शब्दावर मिळायचं. ते गेलं की दुकानाला कुलूप.

"आहे तरी काय हे?" बायकोने सुई-दोरा ठेवून पानं गोळा करायला घेतली.

"इस्लामी तत्त्वज्ञान. ग्रीकांचे ग्रंथ अरबीत आले आणि तिकडच्या पंडितांची जुंपली. एक म्हणतो, हे तत्त्वज्ञ चुकले. शंभरेक वर्षांनी दुसरा उठला, म्हणाला, तूच चुकलास. सरांनी दोघांनाही आपल्या भाषेत आणलंय."

"मग करा की दोघांना वेगळं."

"डोंबलाचं वेगळं! दुसरा आधी पहिल्याचं बोलणं जसंच्या तसं उतरवतो, मग झोडतो. तोच मजकूर दोन्हीकडे!"

"अगदी माझ्यासारखा," बायको खूश झाली. "मीही आधी तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवते. जिथे ऐकवून धुतलंय, ते पान दुसऱ्याचं. उरलेली पहिल्याची."

अर्धी वाक्यं पुढच्या पानांना जोडत दोघं जमिनीवर बसले. मध्येच बाइंडर थबकला.

"हे बघ, पहिला म्हणतो, कापसाला आग जाळत नाही, देव जाळतो. आग फक्त शेजारी असते." त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे नंबर मी कापलेच नाहीत! मी फक्त शेजारी होतो."

"दुसरा काय म्हणतो?"

बाइंडरने दुसऱ्याची पानं चाळली. "म्हणतो, जाळणं हा आगीचा गुणच आहे."

"आणि धांदरटपणा तुमचा. लावा पुढचं पान."

सर आले. गठ्ठे चाळून म्हणाले, "दोनच पानं इकडची तिकडे आहेत. पण नंबर कुठे गेले?"

"कटरने कापले, सर."

"कटरने नाही," बायको म्हणाली. "यांनी."

सर खो-खो हसले. "वहिनी दुसऱ्या पंडिताच्या बाजूच्या दिसतात!" मग पेन्सिल काढून स्टुलावर बसले आणि एकपासून नंबर घालू लागले, या खेपेला वरच्या कोपऱ्यात.

"कॉलेजचं काम इथेच राहू दे," ते मान वर न करता म्हणाले. "फक्त कटर यापुढे वहिनी चालवतील."