अजून थोडा वाढव

तिघांच्या वयाची बेरीज केली तर एखाद्या पडक्या किल्ल्यालाही आपण अजून कोवळे आहोत असं वाटावं, आणि तरी हा त्यांचा ‘पहिला’ अल्बम होता. मास्तर गिटारचे क्लास घ्यायचा, दातांचा डॉक्टर ड्रम बडवायचा आणि वकील बेस वाजवायचा. तरुणपणापासून तिघांनी डझनभर बँडमध्ये हजेरी लावली होती. ते सगळे बँड भांडणांनी, लग्नांनी आणि बदल्यांनी गिळले. आता डोक्यावरचे केस गेल्यावर त्यांना साक्षात्कार झाला होता की आपलं खरं संगीत म्हणजे शूगेझ. पायाशी गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग मांडायची, मान खाली घालून बुटांकडे बघत राहायचं आणि गिटारींचा असा गदारोळ उठवायचा की गाणारा भिंतीपलीकडून कुजबुजतोय असं वाटावं. पोट सुटल्यामुळे वकिलाला स्वतःचे बूट दिसत नसत, पण तो निष्ठेने त्या दिशेला बघायचा.

रविवारी डॉक्टरचा दवाखाना बंद असे, तिथेच रेकॉर्डिंग चाले. ॲम्प्लिफायर चूळ भरायच्या बेसिनला टेकवलेला, आणि वकील पेशंटच्या खुर्चीत पाय पसरून बसलेला. एरवी त्या खोलीत लोक ओरडायचे, रविवारी गिटारी ओरडायच्या, एवढाच फरक.

मास्तरची इच्छा एकच होती. लेकीने हा अल्बम मोबाइल बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकावा. लेक बँकेत नोकरीला होती. बापाच्या संगीताबद्दलचं मत तिने शाळेत असतानाच देऊन टाकलं होतं: “बाबा, दार लावून घे.” शेवटच्या गाण्यात बाईचा आवाज हवा होता, म्हणून मास्तरने तिला फार गळ घातली आणि नवल म्हणजे ती आली. एक्स-रेच्या खोलीत माइकसमोर उभी राहून अगदी वरच्या पट्टीत, फुंकर घालावी तसं गायली. मास्तर बाहेर गिटार वाजवण्यात दंग होता. लेक गातेय हे त्याला काचेतून तिचे ओठ हलताना बघून कळलं. “फार छान!” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तिघं मिक्सिंगला, म्हणजे एकेक आवाज कमी-जास्त करून जुळवायला बसले. मास्तरने गाणं लावलं. गिटारी गरजल्या, ड्रम कोसळले, पण लेकीच्या आवाजाचा पत्ता नाही.

“येतोय ना तिचा आवाज नीट?” त्याने जपून विचारलं.

डॉक्टरला काडीचंही ऐकू आलं नव्हतं. पण बाकीच्या दोघांना येत असणार, मग आपणच कशाला शोभा करून घ्या? “सुरेख,” तो म्हणाला, “पण अजून थोडा वाढव.”

कबुली न देणं हाच ज्याचा धंदा, तो वकीलही मान डोलवत म्हणाला, “माझंही तेच म्हणणं आहे.”

मास्तरने वाढवला. तिघांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. पुन्हा वाढवला. आयुष्यभर ॲम्प्लिफायरला कान लावून बसलेले हे तीन तज्ज्ञ दुपारभर एकमेकांना “अजून थोडा” म्हणत राहिले. शेवटी वाढवायला जागाच उरली नाही, तेव्हा “आता कसं झालं!” असं एकमताने ठरलं.

संध्याकाळी घरी मास्तरने बायकोला आणि लेकीला समोर बसवून अल्बम लावला. लेकीने खरंच मोबाइल बाजूला ठेवला. शेवटचं गाणं सुरू झालं तशी बायको दचकली आणि लेक ताठ बसली. मास्तरला नेहमीसारख्या त्याच्या गिटारी ऐकू येत होत्या, तो खूश होता.

“बाबा, तुझी गिटार कुठंय? हा तर सगळा माझाच आवाज आहे!” लेकीचे डोळे भरून आले. “माझ्यासाठी मुद्दाम मागे ठेवलीस?”

काय घडलंय ते मास्तरला लख्ख कळलं. पण घरबसल्या चालून आलेला मोठेपणा कोण सोडतो? “मग! बाप आहे मी तुझा,” तो घसा खाकरत म्हणाला.

“कुठली जागा आवडली तुला? खरं सांग.”

आता आली पंचाईत. कान गेले म्हटलं की क्लास गेले, बँड गेला, मास्तरकी गेली. पण त्याला जास्त लागलं ते वेगळंच. लेक एवढ्या वर्षांनी त्याच्यासाठी गायली होती, आणि त्याने त्यातलं अक्षरही ऐकलं नव्हतं.

“वरच्या पट्टीतलं मला ऐकूच येत नाहीये गं,” तो म्हणाला. “तेव्हाही नाही, आत्ताही नाही. म्हणून तर वाढवत गेलो.”

“अरे देवा!” बायको म्हणाली. “आणि मी समजत होते, तू माझं मुद्दाम ऐकत नाहीस!”

“थोडं मुद्दामही होतं.”

लेक हसली नाही. तिने गाणं बंद केलं, खुर्ची त्याच्याजवळ ओढली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि तीच ओळ खालच्या पट्टीत, मोकळ्या आवाजात गायला लागली. मास्तर जिवाचा कान करून बसला. आवाज आला. जरा जाडसर, घाबरलेला, पण आला. ती पुढची ओळही गायली आणि त्याच्याकडे बघत थांबली.

“दुसऱ्या ओळीत सूर उतरला,” मास्तर म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.