पुढारी नावाचं घड्याळ

मी एक जुनं घड्याळ आहे, मित्रांनो, आणि माझ्यामुळे एक माणूस मेल्यावरही पळपुटाच राहिला.

कारखान्याच्या बॉयलरघरात मला टांगलं त्याच दिवशी साहेबांनी माझे काटे दहा मिनिटं पुढे सारले. कामगारांना आत घ्यायचं माझ्यावर, सोडायचं मात्र साहेबांच्या मनगटावर. रोज माणशी दहा मिनिटांची चोरी! कामगार मला ‘पुढारी’ म्हणत. सगळ्यांच्या पुढे, कुणाच्या कामाचा नाही.

एका दुपारी बॉयलर फुटला. तिघे जागीच गेले. मी दोन वाजून वीस मिनिटांवर कायमचा थांबलो. बॉयलरवाला आगीचा बंब आणायला धावला, तेव्हा फाटकावरच्या वहीत दोन बारा अशी वेळ पडली. पहारेकऱ्याचं घड्याळ बरोबर होतं. चौकशीवाल्यांनी दोन्ही वेळा शेजारी ठेवल्या आणि ठरवलं, हा स्फोटाआधी आठ मिनिटं पळाला. तो कळवळून सांगत होता, “साहेब, चूक पुढाऱ्याची आहे.” कारकुनाने लिहिलं, ‘कामगाराला कुणा पुढाऱ्याची फूस.’ ज्यांना खरं ठाऊक होतं, त्यांनी पोटासाठी तोंडं शिवली. पहारेकऱ्याने वही दिली, साक्ष दिली नाही.

तिथून दुसराच इतिहास सुरू झाला. बॉयलरवाला थांबला असता तर तिघे वाचले असते, हा. तोच छापला गेला. मला काचेत ठेवून खाली तशी पाटी लावली. बॉयलरवाला वर्षभरात खंगून मेला.

वीस वर्षांनी त्याची मुलगी चौकशीचा अहवाल घेऊन आली. सोबत बापाचा जोडीदार, म्हातारा फिटर. बापाचा जबाब आणि चौकशीवाल्यांचा निकाल ती ओळीला ओळ लावून ताडत होती. दुपारपर्यंत दोन्ही जुळत, मग फाटा फुटे. नेमका कुठे, ते सापडेना.

“काका, हा पुढारी कोण? इथे तर युनियनच नव्हती.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. “हा. दहा मिनिटं पुढे असायचा. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पोरी.”

“मग बोलला का नाहीत?”

“घरात लेकरं होती.”

“मीही लेकरूच होते, काका.”

तिने माझ्या वेळेतून दहा मिनिटं वजा केली. दोन दहाला स्फोट, दोन बाराला तो फाटकावर. तिथल्या तिथे तिने म्हाताऱ्याकडून ते लिहून, सही करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आली. साहेब बदलले होते, पाटी तीच होती. मुलीने काचेवर बोट ठेवून सगळं समजावलं.

“म्हणजे ते पळाले नव्हते,” आई म्हणाली.

“नाही. धावले होते.”

आई खाली बसली. “मी एकदा विचारलं होतं त्यांना, का पळालात म्हणून. त्यानंतर ते घरात बोललेच नाहीत.”

मित्रांनो, मला तेल घालू नका, माझी काच पुसू नका. बंद घड्याळ कुणाचा घात करत नाही. चालत्या घड्याळाचे काटे कुणी सारले, ते विचारा. आणि माणूस जिवंत आहे तोवर विचारा.